फळ्यावरची शेवटची अट

गणित विभागाच्या भिंती बोलक्या पडद्यांनी मढल्या होत्या; खडूचा काळा फळा मात्र अजून होता. त्याच्यासमोर कौतिकाबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांची लेक सुवर्णा पदवीची शेवटची अट अर्धवट टाकून ताऱ्याकडच्या मोहिमेवर गेली होती. निघताना म्हणाली, "आई, समज, मी परत येणारच नाही." कौतिकाबाईंनी डोळे न पुसता शिदोरीच्या डब्याचं झाकण तेवढं दाबून बसवलं होतं. त्या दिवसापासून घरात दोन माणसांपुरती भाजी चिरताना हात अडखळायचा.

"कोणती अट राहिलीय ते सांगा, मॅडम. गोल गोल फिरवू नका."

विभागप्रमुख शबनम तडवी म्हणाल्या, "कलन, बीजगणित, विश्लेषण सगळं झालंय. राहिली फळ्यावरची सिद्धता. परीक्षकासमोर एक प्रमेय सिद्ध करायचं. तो प्रत्येक पायरीला कारण विचारतो. पडद्यावरून चालत नाही."

"मग येऊ द्या तिला."

"येईल ना. पण तुम्हीच सांगा, प्रभुणे."

भौतिकीचे प्रभुणे खाकरले. "प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्याचा काळ मंदावतो. ती येईल तेव्हा तिची सात वर्षं झालेली असतील. इथली सत्तर."

"तोवर माझी राखही वाहून जायची."

"म्हणून विभागाने फेरीयान ठेवलंय," तडवी म्हणाल्या. "परीक्षक विद्यार्थ्याच्याच काळातला हवा, असा नियम आहे. ते तितक्याच वेगाने चकरा मारून इथेच परततं. त्यातला परीक्षक तिच्याच चालीने म्हातारा होतो. पण कुणी बसत नाही. उतरल्यावर ओळखीचं माणूस उरत नाही."

"मी बसते."

"परीक्षक गणिताचा पदवीधर लागतो, मावशी. तुमचं शिक्षण..."

"चौथी. विचारताना लाजू नका, मी सांगताना लाजत नाही. पदवीच्या अटी सांगा. पहिल्यापासून."

वेगळं बिऱ्हाड थाटलेली सून म्हणाली, आत्याबाईंना वेड लागलं. कौतिकाबाई म्हणाल्या, लागलं तर लागलं, तुझ्या डोक्याला तो धोका नाही. विश्लेषणात त्या दोनदा नापास झाल्या आणि दोन्ही वेळा पेपर काढणाऱ्याच्या अकलेचा उद्धार केला. केस पांढरे झाले तेव्हा कुठे फळ्यापर्यंत पोचल्या.

"समजा, मूळसंख्या कुठेतरी संपतात," त्यांनी लिहिलं.

"असं का समजायचं?" तडवींनी विचारलं.

"खोटं आहे म्हणूनच. खरं धरून चालत राहिलं की ते आपलं आपण मोडतं, आणि..."

खडू थांबला. पायरी विसरल्या असतील, असं तडवींना वाटलं. कौतिकाबाईंनी पहिल्या ओळीतल्या 'समजा'खाली रेघ ओढली. "निघताना लेकही असंच म्हणाली होती. समज."

पदवी घेऊन त्या फेरीयानात बसल्या. उतरल्या तेव्हा सून नव्हती, तडवी नव्हत्या. फळा होता. रिवाजाप्रमाणे परीक्षक मागच्या बाकावर बसला की विद्यार्थी खाली मान घालून येतो. सात वर्षांनीच मोठी झालेली सुवर्णा तशीच आली, पाठमोरी उभी राहिली आणि लिहू लागली.

"समजा, मूळसंख्या संपतात."

"असं का समजायचं?" मागून आवाज आला.

खडू मोडला. सुवर्णाने वळून पाहिलं नाही. तिचे खांदे तेवढे हलले.

"खोटं ठरवायला, आई."

"परीक्षकाला आई म्हणत नाहीत," कौतिकाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "पुढची पायरी लिही."