सातव्या पायरीवरचं पाणी

भिंतीतली पितळी खूण गायब होती. तिच्या जागी बोटभर भोक तेवढं उरलं होतं.

मोजणी अधिकारी बाईंनी दुर्बिणीची जड पेटी धक्क्यावर ठेवली आणि त्या भोकाकडे बघतच राहिल्या. सकाळचे नऊ वाजले होते. दुपारी चार वाजता राष्ट्रीय सागर धोरणाच्या समितीची बैठक होती. गेल्या तीस वर्षांत या बंदरात समुद्र किती चढला, तो आकडा त्याआधी पोचवायचा होता. त्या आकड्यावरून किनाऱ्याची रेषा ठरणार होती. रेषेच्या वर घरं बांधायची, खाली नाही. मच्छीमारांची चाळीस घरं रेषेच्या अगदी काठावर आखलेली होती. पाया उद्या खणायचा होता.

आणि नेमकी आजच खूण गेली!

"काल संध्याकाळपर्यंत तर होती म्हणे," केंद्रप्रमुख मागून म्हणाले. सागर केंद्राचे हे साहेब घाबरले की चष्मा पुसायचे. आत्ता तो तिसऱ्यांदा पुसून झाला होता. "मी स्वतः कधी पाहिली नाही. खूण कशी दिसते हेही मला ठाऊक नाही, खरं सांगतो."

खुणेचं काम सोपं होतं. पायऱ्यांच्या तळाशी पाण्यात भरती मोजायची पट्टी उभी होती. पट्टी हलू शकते, दगडी भिंत हलत नाही. म्हणून पायऱ्यांच्या वरच्या भिंतीतल्या खुणेपासून पट्टी किती खाली आहे, ते अधूनमधून दुर्बिणीतून ताडून बघायचं. तेवढ्यासाठीच बाई आल्या होत्या. खूणच नाही म्हटल्यावर ताडणार काय, कपाळ?

"काळजी नको," साहेब म्हणाले. "खूण नष्ट झाली तर वहीतला आकडा तसाच धरायचा, असा नियम आहे. पट्टी वाचणाऱ्या भरतीकाकांनी सकाळीच दाखवला मला."

बाईंनी भोकात बोट घातलं. आत काहीतरी मऊ लागलं. चिमटीत धरून ओढलं, तर तेलात भिजवलेली चिंधी निघाली. आतले स्क्रूचे आटे चकचकीत होते. हातोड्याचा एक घावही भिंतीवर नव्हता.

"किनाऱ्यावर हॉटेल बांधतोय त्याला बोलवा," त्या म्हणाल्या.

साहेबांच्या खोलीत टेबलावर बंदराची फाईल होती. बाईंनी ती उघडली आणि पहिल्याच पानावर त्यांची स्वतःची सही दिसली. नऊ वर्षांपूर्वीची. धक्क्याची दुरुस्ती झाली, पट्टी काढून नव्याने बसवली, तेव्हा तपासायला त्याच आल्या होत्या. फाईल त्यांनी पटकन मिटली.

हॉटेल बांधणारा कंत्राटदार तावातावानेच आत आला. आकडा जितका कमी, तितकं त्याचं हॉटेल पाण्याच्या जवळ. संशय घ्यायचा तर याच्यापासूनच सुरुवात.

"काल संध्याकाळी कुठे होतात?"

"बांधकामावर. चाळीस माणसं साक्षीला आहेत."

"खूण जावी असं तुम्हाला वाटत होतं?"

"कशाला खोटं बोलू? वाटत होतं. पण म्हणून त्या शेवाळलेल्या टोकावर मरायला जाऊ?"

"कुठल्या टोकावर?"

"धक्क्याच्या! जहाजांचे दोर बांधायच्या लोखंडी कड्याशेजारी आहे ना तुमची खूण?"

बाईंनी दाराकडे हात केला. "या तुम्ही," एवढंच म्हणाल्या. कंत्राटदार पुटपुटत गेला.

मग त्या पायऱ्या उतरून भरतीकाकांच्या खोलीत गेल्या. भरतीकाका हे काही खरं नाव नव्हे. तीस वर्षं रोज सकाळी आठला पट्टीवरचं पाणी वाचून वहीत उतरवणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? ताप असो, वादळ असो, एक दिवस चुकला नव्हता. खोलीत वह्यांचं फडताळ, एक स्टूल, एक स्टोव्ह. खिळ्याला पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचं मोठं वेटोळं टांगलेलं. खोलीत नळ मात्र कुठेच नव्हता.

"या ताई," काका उठून उभे राहिले. "नऊ वर्षांनी आलात. लेक बरी आहे ना तुमची? तेव्हा तापाने फणफणली होती."

बाई वह्यांकडे वळल्या. "कॉलेजात आहे आता," त्या म्हणाल्या. "काका, मोठ्या भरतीला पाणी कुठवर येतं हल्ली?"

"सातव्या पायरीवर."

"आणि पूर्वी?"

"पूर्वी सहावीच भिजायची. सातवीवर बसून आम्ही चहा प्यायचो."

बाईंनी फडताळातून दोन वह्या काढल्या. एक यंदाची, एक तीस वर्षांपूर्वीची. मोठ्या भरतीचा आकडा दोन्हींत जवळजवळ तोच होता. पायरी चढली होती, आकडा नाही. बाईंनी दोन्ही पानं शेजारी धरून पुन्हा वाचली. काका खिडकीबाहेर बघत होते.

बारा वाजता बाईंनी साहेब आणि काका, दोघांना साहेबांच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

"तो कंत्राटदारच ना?" साहेबांनी विचारलं.

"त्याला खूण कुठे आहे हेच माहीत नाही. खूण पायऱ्यांच्या वर, आणि तो धक्क्याचं टोक सांगतोय. तुम्ही ती कधी पाहिली नाही. आणि ज्याला खूण नष्टच करायची असती त्याने हातोडा घातला असता. या चोराने ती फिरवून, अलगद काढली. वर भोकात तेलाची चिंधी कोंबली, खारं वारं लागून आटे गंजू नयेत म्हणून. म्हणजे काय साहेब? खूण परत बसावी असं त्यालाच वाटत होतं."

साहेबांनी चष्मा काढला.

"नळ नसलेल्या खोलीत एवढी लांब नळी कशाला?" बाई पुढे म्हणाल्या. "गवंडी अशीच नळी पाण्याने भरतात आणि दोन टोकांची पातळी जुळवतात. ज्याच्याकडे दुर्बीण नाही त्यालाही तिने खुणेपासून पट्टीपर्यंत मोजता येतं. कुणीतरी मोजलं. पट्टी चुकीच्या उंचीवर बसलीय, म्हणून पाणी चढूनही आकडा चढत नाही, हे त्याला कळलं. मग मी येणार म्हटल्यावर खूण काढून त्याने तुम्हाला नियम दाखवला. पण पायरीबद्दल मी विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. पाण्याबद्दल खोटं बोलायला त्याची जीभच वळली नाही." त्या वळल्या. "किती निघालं, काका?"

भरतीकाकांनी मान खाली घातली. "चौदा सेंटिमीटर," ते म्हणाले. "पट्टी चौदा सेंटिमीटर वर बसलीय."

"कधी कळलं?"

"चार वर्षं झाली. रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. मग वही उघडतो, आकडा लिहितो, आणि राहून जातं." त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. आत पितळी खूण होती, घासून लख्ख केलेली.

साहेब उसळले. "अहो, चाळीस कुटुंबं पाण्यात घालणार होता तुम्ही! उद्या पाया खणणार होते! तीस वर्षांची नोकरी आणि ही अक्कल?"

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या. "अजून माझं सांगून संपलेलं नाही."

त्यांनी फाईल उघडली आणि पहिलं पान साहेबांसमोर सरकवलं.

"'खुणेपासून दुर्बिणीने तपासले, बरोबर आढळले.' ही सही माझी आहे. त्या दिवशी घरी मुलगी तापलेली होती आणि बारानंतर परतीची बोट नव्हती. मी पेटी उघडलीच नाही. काकांना विचारलं, 'बरोबर आहे ना?' आणि सही ठोकून पळाले."

"मी 'हो' म्हणालो," काका पुटपुटले. "पट्टी बसवणारा मिस्त्री म्हणाला होता जुन्या जागीच बसवलीय. मी बघितलं नव्हतं. खूण राहिली असती तर ताईंची नोकरी गेली असती. चार वर्षांपूर्वीच सांगायचं, तर पोर शाळेत होती हो तेव्हा."

"माझ्यासाठी केलंत?"

"निम्मं तुमच्यासाठी," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले. "निम्मं माझ्या वह्यांसाठी. नऊ वर्षांच्या वह्या खोट्या ठरतात, ताई. ते सोसवेना."

बाईंना रडू आवरेना. सकाळपासून आपण चोर शोधतोय, आणि पहिला चोर आपल्याच सहीखाली बसलाय, हे फाईल मिटली तेव्हाच त्यांना ठाऊक होतं. डोळे पुसून त्यांनी कोरा कागद ओढला. अहवालाच्या पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत आपण काय केलं नाही ते. काकांचं खाली, तिसऱ्या ओळीत.

"वह्या खोट्या नाहीत, काका. सगळ्या चौदाने चुकल्यात, आणि किती चुकल्यात ते तुम्हीच मोजून ठेवलंय. नऊ वर्षांच्या आकड्यांत चौदा मिळवले की खरा समुद्र हाती येतो. साहेब, समितीला फोन करा. आकडा चारच्या आत येतोय, पण रेषा वर सरकणार. आणि पाया थांबवायला सांगा, आत्ताच्या आत्ता."

साहेबांनी चष्मा न पुसताच फोन उचलला.

एक वाजता काकांनी खूण भोकात बसवली. आटे जुने, पण शेवटपर्यंत घट्ट फिरले. मग ते पायऱ्या उतरून पट्टीपाशी जाऊन उभे राहिले. वर बाईंनी नऊ वर्षं उशिरा ती पेटी उघडली, तिवई रोवली, दुर्बीण चढवली. उन्हाने डोळे दिपत होते. पट्टीवरचा आकडा नीट दिसेना, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बरोबर आहे ना, काका?"

भरतीकाकांनी वर पाहिलं.

"मला नका विचारू, ताई," ते म्हणाले. "तुम्हीच बघा."