उंटआजोबा डोळे मिटतात तेव्हा

वर्गाचं दार कोपराने उघडलं गेलं. उघडणाऱ्या माणसाचे दोन्ही तळहात निळ्या रंगात बुडालेले होते आणि त्याच्या मागे, भिंतीवर चिकटवलेल्या लांबलचक कागदावर, मुलांच्या पंजांचे निळे ठसे ओले चमकत होते.

"चौथीचा वर्ग हाच का?" तिने विचारलं. तिच्या खांद्यावर लॅपटॉप, एका हातात प्रोजेक्टर, दुसऱ्या हातात गुंडाळलेला पडदा.

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं. मग दाराच्या वर पाहिलं. तिथे पाटी असायला हवी होती, ती नव्हती. त्याने तोंड उघडलं —

"नसेल. वर बघते," ती म्हणाली आणि सगळ्या सामानासकट जिना चढूनही गेली.

वर सहावी होती. ती धापा टाकत खाली आली तेव्हा तो तसाच उभा होता, दार कोपराने धरून.

"हाच," तो म्हणाला.

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"सांगतच होतो..."

त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हसू होतं. तिला ते दिसलं, आणि आवडलंही, पण तिला घाई होती. तिला नेहमीच घाई असे. ती एका कार्टून स्टुडिओत संकलक होती. चित्रफितीतला नको तो भाग कापायचा आणि हवा तो जोडायचा, हे तिचं काम. स्टुडिओत सगळे तिला 'कात्री' म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता.

त्या दिवशी ती एक परीक्षा घ्यायला आली होती. तिच्या लहानपणी 'उंटआजोबांचं दुकान' नावाची बाहुल्यांची मालिका लागायची. वाळूत एक दुकान, दुकानात एक म्हातारा उंट. कुणीतरी लहानगा प्राणी यायचा आणि काहीतरी विचारायचा. आजोबा डोळे मिटायचे, उघडायचे आणि म्हणायचे, "माहीत नाही. चल, बघू." मग दोघं शोधायला निघायचे. आता स्टुडिओ तीच मालिका नव्याने, अ‍ॅनिमेशनमध्ये करत होता. पहिला भाग तयार होता. जुनी मालिका कधीच न पाहिलेल्या मुलांना दोन्ही दाखवून बघायचं, असं ठरलं होतं.

आधी नवा भाग लावला. वाळू सोन्यासारखी होती, आजोबांच्या मानेवरचा केस न् केस हलत होता. मुलं शहाण्यासारखी बसून बघत राहिली.

"कसा होता?"

"छान," मुलं एका सुरात म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं.

मग जुना भाग लावला. रंग उडालेले, आवाज खरखरीत. "आतला हात दिसतोय!" कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला. पडद्यावर मुंगूस दुकानात आलं. "आजोबा, दिवा मालवला की सावली कुठे जाते?"

उंटआजोबांनी डोळे मिटले.

"पलंगाखाली!" मागच्या बाकावरून आवाज आला.

"पलंगाखाली नाही रे, भिंतीच्या आत!"

"झोपायला जाते!"

बघता बघता अर्धा वर्ग उभा राहिला. आजोबांनी डोळे उघडले. "माहीत नाही," ते म्हणाले, आणि मुलं विजयी मुद्रेने एकमेकांकडे बघू लागली. आजोबांना माहीत नव्हतं, मुलांना माहीत होतं.

ती प्रोजेक्टरजवळ उभीच राहिली. नव्या भागात मुंगूस तेच विचारत होतं, आजोबा तेच सांगत होते.

"नवे आजोबा आम्हाला विचारतच नाहीत," पुढच्या बाकावरची एक बारकी मुलगी म्हणाली. सगळे तिला चिमणी म्हणत.

"अगं, जुने तरी कुठे विचारतात?" तिने प्रोजेक्टरजवळून विचारलं.

"मग ते डोळे कशाला मिटतात?"

तिने मघाशी दार उघडलेल्या सरांकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं, आणि त्याने श्वास घेतला तोवर म्हणाली, "जुन्याची गंमत वेगळीच, असंच ना? सगळे हेच म्हणतात."

त्याने प्रोजेक्टर फाटकापर्यंत उचलून दिला. प्रोजेक्टरच्या खोक्यावर निळा पंजा उमटला आणि तिने तो पुसला नाही.

त्यानंतर ती वरचेवर शाळेत येऊ लागली. कधी आवाज बदलून, कधी मुंगसाचे डोळे मोठे करून. मुलं दर वेळी "छान" म्हणायची आणि इथेच घोडं पेंड खायचं. शाळा सुटल्यावर दोघं मागच्या पायऱ्यांवर बसत. ती बोलायची, तो ऐकायचा.

"तुम्ही फार कमी बोलता, सर."

"तुम्ही बोलू दिलंत तर..." तो थांबला. या वेळी ती चुकून गप्प राहिली, कारण तोंडात बिस्किट होतं. "...लहानपणी मला उत्तर यायला वेळ लागायचा. यायचं, पण उशिरा. तोवर आई, मोठा भाऊ, आत्या, कुणीतरी माझं उत्तर देऊन टाकायचं. टीव्हीवर एकटे उंटआजोबा माझ्यासारखे होते. ते डोळे मिटायचे तेव्हा मी उत्तर द्यायचो. त्यांना घाई नसायची."

तिने बिस्किट गिळलं. तिने त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा वाळलेला रंग नखाने खरवडला. तो हलला नाही.

मग एक दिवस त्याने सांगितलं की दूरच्या एका गावातल्या मोठ्या शाळेने त्याला बोलावलं आहे. पगार बरा, वर्ग लहान. आठवड्याअखेर कळवायचं होतं.

"तुम्ही... जाणार?"

तो समोरच्या मैदानाकडे बघू लागला. त्याचे ओठ हलले. तिला ती शांतता सहन झाली नाही. त्या शांततेत 'हो' असेल, अशी तिला भीती वाटली.

"जायलाच हवं," ती भरभर म्हणाली. "चांगली संधी आहे. मी असते तर विचारसुद्धा केला नसता."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "हं," तो म्हणाला.

घरी तिने जेवताना ताट बाजूला सारलं. मावशीने ताट तिच्यापुढे सरकवलं. आई गेल्यापासून ती मावशीकडेच वाढली होती.

"काय झालं?"

"तो जातोय."

"तो म्हणाला असं?"

"म्हणाला नाही. पण—"

"म्हणजे तूच म्हणालीस." मावशीने डाव वाजवून पातेल्यात ठेवला. "लहानपणापासून तुझं हेच. समोरचा घास तोंडात घालतोय तोवर तू त्याचं वाक्य खाऊन मोकळी. जेव आता."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिने कपाटावरची जुनी बाहुली खाली काढली. खरे उंटआजोबा, धूळ बसलेले. तिने मानेत हात घातला. आत अंगठ्यासाठी एकच कडी होती, आणि पापण्या आणि ओठ त्या एकाच कडीला बांधलेले. कडी खाली ओढली की पापण्या मिटायच्या, वर ढकलली की ओठ हलायचे. आधी खाली ओढल्याशिवाय ती वर जातच नव्हती. म्हणून आजोबा बोलण्याआधी डोळे मिटत होते. आणि त्या वेळात घराघरांतली मुलं उत्तरं देत होती.

नव्या उंटाला कडी नव्हती, म्हणून त्याला थांबावंही लागत नव्हतं. चित्रकारांनी जुन्याची नक्कल म्हणून थोडं थांबवलं होतं खरं, पण तो वेळ तिनेच कापला होता. प्रत्येक ठिकाणी. रिकामा आहे म्हणून.

तिने सगळे थांबे परत जोडले. दिग्दर्शिका बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "फिल्म अडकली असं वाटेल गं. आणि ती त्यांची अडचण होती, कला नव्हती."

"अडचणच होती, मॅडम. पण त्या अडचणीत मुलांना जागा मिळायची. तुम्ही एकदा वर्गात येऊन बसा. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात अर्थ नाही."

"उंट तुझा, शेळ्या माझ्या," बाई म्हणाल्या, पण आल्या. आठवड्याचा शेवटचा दिवस होता. मुंगसाने विचारलं, नव्या आजोबांनी सावकाश डोळे मिटले, आणि चौथीच्या वर्गाने छत डोक्यावर घेतलं. बाई कानांवर हात ठेवून हसत होत्या. "राहू दे तुझे थांबे," त्या जाता जाता म्हणाल्या.

काम फत्ते झालं होतं. तरी ती निघाली नाही. मागच्या पायऱ्यांवर तो रंगाचे ब्रश नळाखाली धूत होता.

"मी तुम्हाला एक विचारलं होतं," ती म्हणाली. "आणि उत्तर मीच दिलं. परत विचारते. तुम्ही जाणार आहात?"

त्याने नळ बंद केला. एक थेंब पडला, मग आणखी एक. पलीकडे कुणीतरी बाक ओढला. तिच्या जिभेवर एकामागून एक वाक्यं येत होती. तिने ती दातांखाली धरून ठेवली.

"नाही," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "त्या दिवशीही तेच सांगणार होतो. पण तुम्ही म्हणालात, जायलाच हवं. वाटलं, तुम्हाला तसंच हवंय. तरी काल त्यांना नाही कळवून टाकलं."

"आधीच?"

"मला उत्तर उशिरा येतं. पण एकदा आलं की बदलत नाही." त्याने ओले निळे हात पँटला पुसले. "आता मी विचारू? आपलं... दोघांचं... जमेल?"

तिला उत्तर आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. एवढा मोठा प्रश्न, आणि ती नुसती उभी. तिने डोळे मिटले.

"हो म्हणा, ताई!" वर्गाच्या खिडकीतून चिमणीचा आवाज आला.

"आधी डबा खाऊ दे त्यांना!"

"सर, गुडघ्यावर बसा!"

"गप्प बसा रे, त्या विचार करतायत!"

त्या गोंगाटात तिने डोळे उघडले. तो तसाच उभा होता, जराही घाई नसल्यासारखा.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि त्याचा निळा हात तिने हातात घेतला. "चल, बघू."