उजव्या बुटाची करंगळी

“थांबा! कुणीही सायकलवर बसायचं नाही!”

आबांची शिट्टी अशी कडाडली, की चामटोलीच्या रस्त्याकडेला चरणारी शेळीसुद्धा मान वर करून उभी राहिली. सगळी मुलं हेल्मेट हातात धरून रांगेत आली. दिवाळीच्या सुट्टीत भल्या सकाळी अंथरूण सोडायचं, बदलापूरहून सायकल हाणत इथवर यायचं आणि वर ही शिट्टी! पण रविवारी पालेगावच्या पोरांशी शर्यत होती आणि गेल्या वर्षी त्यांनी चांगलंच नाक कापलं होतं. तक्रार करायची कुणाची टाप होती?

आबा म्हणजे टीममधल्या हिमानीचे आजोबा, श्यामकांत. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मोठे अधिकारी होते. आबा निवृत्त झाले, पण त्यांची शिस्त काही निवृत्त झाली नाही. मुलांसाठी त्यांनी उल्हासनगरच्या हरेशकडून शर्यतीचे खास बूट बनवून घेतले होते. तळाला खटका असलेले! पाय पेडलवर ठेवला की खट्‌कन अडकायचा आणि टाच फिरवली की सुटायचा. मात्र हे बूट मुलांनी घरी न्यायचे नाहीत, असा कडक नियम होता. “घरी गेले की बूट भाजी आणायला जातात!” असं आबांचं ठाम मत. म्हणून ते स्वतः सगळ्यांच्या आधी मोटारसायकलवरून बूट घेऊन येत, ओळीत मांडत आणि सराव संपल्यावर परत नेऊन कपाटात कुलूपबंद करत.

आज त्या ओळीतला एक बूट आबांच्या हातात होता. उजव्या पायाचा. करंगळीच्या बाजूला तो इतका झिजला होता, की आतलं पांढरं अस्तर डोकावत होतं.

“कुणाचा हा?”

“माझा हाय, सर,” तानी म्हणाली.

तानी चामटोलीच्या वरच्या वाडीत राहायची. टीममध्ये तिच्याइतकं वेगात कुणीच सायकल मारत नसे. सराव संपून बाकीचे घरी निघाले, तरी ती रोज एक फेरी जास्तीची मारायची.

“बाकी सगळ्यांचे बूट नव्यासारखे. तुझाच कसा झिजला?” आबांचा आवाज चढला. “त्या जास्तीच्या फेरीत तू वाडीवर जातेस ना? दगडाधोंड्यांतून, बूट घालून?”

“एकदाच गेली सर, पानी प्याया. पन बूट पेडललाच अडकवून ठेवलं व्हतं. अनवानी गेली मी.”

“म्हणजे गेली होतीस! बघा, कबूल झाली!” आबांनी सगळ्यांकडे पाहिलं. “एकतर त्या हरेशने मला डुप्लिकेट माल दिलाय, नाहीतर तू खोटं बोलतेस. रविवारपर्यंत काय ते खरं सांग. नाहीतर तुझ्या जागी सुयोग उतरेल, हेच बूट घालून!”

राखीव खेळाडू सुयोग बिचारा स्वतःच्या चपलेकडे बघत राहिला. तानी रडली नाही. ती फक्त हिमानीच्या कानाशी पुटपुटली, “माझा बा येनार हाय रविवारी बघाया. गवत कापायचं सोडून. त्याला आता काय सांगू?”

हिमानीला भयंकर राग आला. आणि राग आपल्याच आबांचा आलाय, याचं वाईटही वाटलं. “तू बाला सांग, ये म्हणावं,” ती म्हणाली. “बाकीचं मी बघते!”

बाकीचं म्हणजे नक्की काय बघायचं, हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी आबांनी तो बूट हिमानीच्या हातात दिला. “हरेशला दाखव आणि विचार त्याला, हा काय माल आहे म्हणून. आजी उल्हासनगरला निघालीच आहे खरेदीला.” मग ते आजीकडे वळले. “कुमुदिनी, चल, स्टेशनपर्यंत सोडतो गाडीवरून.”

“नको!” आजीने पिशवी उचलली. “एक साडी गेली तेवढी पुरे झाली. आम्ही रिक्षाने जाऊ.”

आबा काहीतरी गुरगुरले आणि वर्तमानपत्रात शिरले.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये हरेशचं दुकान शोधावं लागत नाही, त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येतो. पुढे काउंटर, मागे चार मशिनं आणि मध्ये बुटांच्या डोंगरात बसलेला गोल गरगरीत हरेश. आजी समोरच्या दुकानात पडदे बघायला गेली आणि हिमानीच्या धाकट्या भावाने, अनीशने, आल्या आल्या तोफ डागली.

“काका, आबा विचारतायत, माल डुप्लिकेट आहे का?”

“काय बोलला?” हरेश ताडकन उठला. तीन खोकी खाली पडली. “अरे बेटा, उल्हासनगरचं नाव घेतलं की सगळे हेच बोलतात! मी साहेबांना फर्स्ट क्लास माल दिला. ये लो, ह्याच रोलमधला तुकडा आहे. जा, बाहेर पायरीवर घास. जितना चाहिए उतना घास!”

अनीशला असली आज्ञा रोज कोण देतं? तो पायरीच्या दगडावर बसला आणि जीव तोडून तुकडा घासू लागला. घासता घासता त्याची जीभ बाहेर आली. मग हिमानीने तुकडा आणि बूट शेजारी शेजारी धरले.

“अन्या, हे बघ! तुझ्या तुकड्यावर नुसते ओरखडे आहेत. मांजराने ओरबाडल्यासारखे. आणि बूट झिजलाय तिथे मात्र गुळगुळीत आहे!”

“म्हणजे तानीने गुळगुळीत दगडावर घासला?”

“अरे, दगडातून चालली असती तर आधी काय झिजलं असतं? तळ! खाली बघ, खटका कसा कोरा करकरीत आहे. आणि हे झिजलंय बाहेरच्या बाजूला. आतल्या बाजूला झिजलं असतं तर पेडलचा दांडा घासतो म्हटलं असतं. बाहेरच्या बाजूला सायकलचं काही असतं तरी का?”

“काहीच नसतं,” अनीश म्हणाला. मग त्याने डोळे मोठे केले. “ताई, भूत?”

“भूत फक्त उजव्या पायाची करंगळी कुरतडतं होय रे?”

हरेश पोट धरून हसला. “साहेबांना बोल, हरेशचा माल एकदम अस्सल!”

पण आबांनी हे सगळं एका वाक्यात उडवून लावलं. “हरेश स्वतःचा माल वाईट आहे असं सांगणार आहे का? मला पुरावा पाहिजे, पुरावा!”

“पुरावा पाहिजे ना? देऊ!” हिमानी मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू व्हायच्या आधी तिने खिशातून पांढरा खडू काढला आणि तानीच्या बुटावर त्या झिजलेल्या जागी जाड पट्टा ओढला. “आता जिथे कुठे घासेल, तिथे हा पुसला जाईल.”

त्या दिवशी जास्तीच्या फेरीलाही ती तानीबरोबर गेली. बाप रे, काय ती फेरी! चढावर तानी गाणं गुणगुणत होती आणि हिमानीची जीभ हँडलला टेकायची बाकी होती. परत आल्यावर दोघींनी धापा टाकत बूट पाहिला. खडू जसाच्या तसा!

“म्हंजी माज्या पायात असताना झिजतच नाय!” तानी म्हणाली.

“शू! आज मोठ्याने बोलू नकोस. दे बूट आबांकडे.”

आणि दुसऱ्या सकाळी आबांनी मांडलेल्या ओळीतून हिमानीने तो बूट उचलला, तर खडू गायब! त्या जागी काळा, ओशट फराटा उमटलेला. बाकी सगळे बूट स्वच्छ.

म्हणजे बूट आबांच्या ताब्यात असताना झिजत होता!

संध्याकाळी घरी आजी आरशासमोर साडी धरून पुटपुटत होती. मोतिया रंगाच्या साडीला खालच्या काठाजवळ लांबच लांब काळा फराटा पडला होता.

“चार वेळा धुतली, पण डाग जाईल तर शपथ! भाऊबीजेला ह्यांच्या मागे बसून गेले नि चाकाला घासली. मागच्या चाकाशी ती जाळी असते ना, साडीगार्ड? ती ह्यांनी काढून टाकली. का, तर म्हणे खडखड वाजते! तेव्हापासून मी त्या गाडीला हात लावत नाही.”

काळा फराटा! हिमानीने उडी मारून आजीला मिठीच मारली. मग ती धावतच फोनकडे गेली. तानीच्या शेजारी अस्मिता राहायची. तिच्या फोनवर हिमानीने तानीला बोलावून घेतलं.

“ताने, नीट आठवून सांग. तू बूट दिल्यावर आबा ते कुठे ठेवतात?”

“बाकीच्यांचं गाडीच्या मागच्या क्रेटात बसत्यात. माजं सगळ्यात शेवटी येत्यात ना, मग जागाच नाय. सर बुटांचं पट्टं एकात एक अडकवून बाजूला टांगत्यात. डाव्या बाजूला, चाकापाशी. उजवा बूट आत नि डावा भायेर, रोज तसंच. सरांची शिस्त असती ना!”

दोघं बहीणभाऊ पार्किंगमध्ये धावले. मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी साडीगार्डचे नुसते बोल्ट उरले होते. गाडी खड्ड्यात आदळली की टांगलेला बूट चाकाला टेकणार आणि बदलापूरच्या रस्त्यांवर खड्ड्यांना काय तोटा? चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी!

“चल, आबांना सांगू!” अनीश ओरडला.

“थांब. आत्ता सांगितलं तर आबा गुपचूप साडीगार्ड बसवतील आणि विषय संपेल. तानीला त्यांनी सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलंय. मग ती खरी आहे हेसुद्धा सगळ्यांसमोरच कळायला हवं ना?”

“मग काय करायचं?”

हिमानीने दारातल्या रांगोळीच्या डब्याकडे पाहिलं. “राणी रंग किती उरलाय रे?”

रविवारी उजाडताच आबा खाली उतरले, तेव्हा अनीश पार्किंगमध्ये हात मागे लपवून उभा होता.

“काय रे, इथे काय करतोयस? आणि नाकाला काय लावलंयस गुलाबी?”

“रांगोळी काढत होतो, आबा!” अनीश म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं! खोबरेल तेलात कालवलेली राणी रंगाची रांगोळी मोटारसायकलच्या मागच्या टायरच्या डाव्या अंगाला गोल फासून झाली होती. आबांनी क्रेट भरला, उरलेली तानीची जोडी रोजच्या जागी टांगली आणि ऐटीत किक मारली.

शर्यतीच्या जागी ही गर्दी! पालेगावची पोरं लाल जर्सी घालून मिरवत होती. हरेशसुद्धा आपल्या बुटांची शर्यत बघायला आला होता. तानी एका बाजूला सायकल धरून उभी होती. हिमानीने ‘ये’ म्हटलं म्हणून ती आली होती, पण मान खाली होती.

“काय तानी, खरं काय ते सांगणार आहेस का?” आबांनी विचारलं.

“मी सांगते!” हिमानी पुढे आली. आवाज ठाम होता. “आबा, तुम्ही पुरावा मागितला होता. तुम्ही आत्ताच आणलेला तानीचा उजवा बूट वर धरा.”

आबांनी बूट उचलला. करंगळीच्या जागी झगझगीत राणी रंगाचा फराटा!

“हा रंग कुठला? काल तर नव्हता.”

“तुमच्या टायरचा आहे, आबा. आम्ही सकाळी लावलाय. तानीने अजून बुटाला हातसुद्धा लावलेला नाही.”

सगळ्यांच्या माना मोटारसायकलकडे वळल्या. टायरवर गुलाबी कडं होतं आणि टांगलेला बूट टेकत होता त्या उंचीवर ते गोल फिसकटलं होतं. आबांनी टायर बघितला, बूट बघितला, साडीगार्डचे रिकामे बोल्ट बघितले. त्यांचे कान लाल झाले.

“साहेब,” हरेश हळूच म्हणाला, “माल अस्सल आहे ना?”

पहिल्यांदा सुयोग हसला, मग सगळेच. पण आबा तानीसमोर जाऊन उभे राहिले.

“चुकलो मी, तानी,” ते म्हणाले. आवाज शिट्टीसारखा नव्हता. “सगळ्यांसमोर तुला बोललो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो. इतकी वर्षं कारखान्यात लोकांना शिकवलं, आधी यंत्र तपासा, मग माणसाला बोला. आणि स्वतःची गाडी तपासली नाही!” मग त्यांनी हिमानीच्या डोक्यावर हात ठेवला. “आणि तू गं! आजोबा असला म्हणून गप्प बसली नाहीस. शाब्बास पोरी! आणि हा गुलाबी नाकाचा कारागीरही शाब्बास! आजपासून बूट ज्याचे त्याच्या घरी. भाजी आणायला गेले तरी चालतील!”

“आधी साडीगार्ड बसवा!” रिक्षातून उतरणारी आजी लांबूनच म्हणाली.

तानीने बुटावरचा गुलाबी रंग पुसलाच नाही. तिने पट्टे आवळले आणि खट्‌, खट्‌ करून पाय पेडलमध्ये अडकवले. तिने चहूकडे पाहिलं. तिचा बा, बारकू, गर्दीत दिसत नव्हता.

शिट्टी झाली! पहिल्या वळणापर्यंत लाल जर्सीवाले पुढे होते. चढ लागला आणि त्यांचा वेग ओसरला. तानीचा मात्र वाढला! हिमानी मागून जीव खाऊन पेडल मारत होती आणि पुढे तो गुलाबी ठिपका गरगर फिरताना बघत होती. लाल जर्सी एक एक करून मागे पडल्या आणि तानीने सगळ्यात आधी रेषा ओलांडली!

एकच जल्लोष झाला. पण तानी थांबलीच नाही. ती तशीच पुढे सुटली.

“ताने, थांब! संपली शर्यत! जिंकलीस तू!” सगळे ओरडू लागले.

आबांनी शिट्टी तोंडाला लावली आणि परत खाली घेतली. पुढच्या वळणावर वाडीची पायवाट रस्त्याला मिळत होती. तिथे हातातला विळा तसाच वर उंचावून बारकू उभा होता.

“जाऊ द्या तिला,” आबा म्हणाले. “तिची जास्तीची फेरी राहिलीय.”