चार बोटं मलम

१९५७ साली सिंदेवाहीच्या दवाखान्यात हायड्रोकॉर्टिसोनचं नवं मलम आलं. बारा नळ्या. त्यातल्या सहा एकट्या मैनाला लागल्या. मैना ढिवरीण, जाळं ओढून ओढून हाताला खाज सुटलेली. नर्स चंदाबाई रोज दुपारी तळ्याकाठच्या तिच्या झोपडीत जायच्या आणि चार बोटांनी मलम चोळायच्या. खाज दंडावर चढली, तसं मलमही चढलं. जितकी माया तितकं मलम, असा बाईंचा खाक्या.

नेमकं काय बाधतंय ते बघायला डॉक्टरांनी मैनाच्या पाठीवर कापडाचे चार चौकोन चिकटवले. एकाखाली जाळ्याचा रंग, एकाखाली साबण, एकाखाली साधं व्हॅसलीन, एकाखाली ते मलम. दोन दिवसांनी कापडं काढली. तीन जागा कोऱ्या. मलमाखालची लालभडक, फोडांनी भरलेली.

"औषधच बाधतंय," डॉक्टर म्हणाले. "आता बोटभरही लावायचं नाही. गळ्यापर्यंत सूज गेली तर श्वास कोंडेल."

चंदाबाईंनी उरलेल्या नळ्या कपाटात घातल्या, किल्ली कमरेला खोचली. तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून आठ दिवस तळ्याकडे फिरकल्या नाहीत.

नवव्या दिवशी गेल्या, तर लाली खांद्यावर. तिच्यावर चार बोटांचे ओले पट्टे. वास ओळखीचा.

"कोण लावून राह्यलं हे?"

मैना हसली. "मजाक करता का बाई? तुमीच त. रोज येता दुपारी."

चंदाबाईंनी मैनाच्या सासूकडे पाहिलं. रुखमाबाई खवळली. "माह्याकडे काऊन पाह्यता? आत्ताच त लावून गेल्या तुमी. च्या घ्या म्हटलं, त बोलल्याबी नाई."

दवाखान्यात येऊन त्यांनी कपाट उघडलं. सहाही नळ्या जागेवर. टोपणांचं सील शाबूत.

सगळ्या चपट्या.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच मैनाजवळ जाऊन बसल्या. रुखमाबाई तेव्हा तळ्यावर गेली होती. लाली गळ्याच्या बुडाशी आलेली. बाईंनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवले. हातांचाही भरवसा उरला नव्हता.

ऊन डोक्यावर आलं. अंगणात मासळी निवडायला बसलेल्या रुखमाबाईचा आवाज आला.

"या बाई. आत हाये मैना."

दारात कोणी दिसलं नाही.

मैनानं मान पलीकडे, कुडाच्या भिंतीकडे वळवली. हनुवटी वर केली.

"हळू लावा, बाई."

तिच्या गळ्यावरची कातडी चार बोटांएवढी दबली. वर आली तेव्हा ओली होती.