रुग्ण = ७२

पडद्यावर ‘झाडणी पूर्ण’ ही अक्षरं उमटली आणि यंत्र चालवणारा पुरुषोत्तम केळुसकर खुर्चीतून ताडकन उठला.

काचेपलीकडे टेबलावर कीर्तनकार इंदूताई बोडस निपचित होत्या. मेंदूतली गाठ काढायची, तेवढा वेळ त्यांचं मन, म्हणजे आठवणी, आख्यानं, चाली, रागलोभ, सगळं ‘मनोलेख’ करून यंत्राच्या स्मृतिकोशात काढून ठेवलं होतं. गाठ निघाली होती. आता मन परत ओतायचं, एवढंच उरलं होतं.

“शाहीनताई, मी घात केला,” तो म्हणाला.

भूलतज्ज्ञ डॉ. शाहीन मुल्लांनी मान वर केली. “कसला घात? नाडी छान आहे की. बहात्तर.”

“तोच बहात्तर! तुम्ही मघाशी सांगितलात आणि मी घाईत तो ‘रुग्ण’ याच नावात भरला. त्या नावात यांचं मन होतं.”

“अरे, पण माणसाच्या जागी आकडा? यंत्र ओरडलं नाही?”

“नाही ना! या संगणकभाषेत अमुक नावात अमुकच ठेवायचं, असं आधी ठरवून द्यावं लागत नाही. आज मन, उद्या आकडा, तिला दोन्ही चालतं.”

“मग मन गेलं कुठं?”

“नाव म्हणजे डबा नव्हे, ताई, वस्तूला बांधलेली दोरी. मी दोरी मनाची सोडून आकड्याला बांधली. जिला एकही दोरी नाही, ती वस्तू यंत्र केर समजून झाडून टाकतं. आणि झाडणी झालीसुद्धा.”

बाहेर बाकावर इंदूताईंचे यजमान बसले होते. जन्मभर बायकोला पेटीची साथ केलेले अप्पा. त्यांना काय सांगायचं? श्वास चालू आहे, पण आत कुणी नाही? पुरुषोत्तमने डोळे मिटले. ‘पांडुरंगा, सांभाळ रे.’

“एकच दोरी होती का पण?” शाहीनताई जरा ओशाळून म्हणाल्या. “मन यंत्रात असताना त्यांच्याशी बोलून धीर द्यायचा, हे माझं काम. दर वेळी आधी नाव टाकायचं. आईच्या वयाच्या बाईला ‘रुग्ण, घाबरू नका’ असं कसं म्हणू रे? मी आपली एक ओळ लिहिली. मावशी = रुग्ण. तुला विचारलं नाही, रागावू नकोस.”

“कधी लिहिलीत?”

“अगदी सुरुवातीलाच. पण ती नक्कल असेल ना?”

“नक्कल कसली! दुसरं नाव दिलं म्हणून वस्तू दोन होत नाहीत. त्याच मनाला दुसरी दोरी बांधलीत तुम्ही! माझी सुटली, तुमची आहे. झाडणी शिवलीच नसणार त्याला!”

त्याने ‘मावशी’ हे नाव टाकलं. पडद्यावर उत्तर आलं: मनोलेख, अखंड.

पुरुषोत्तम चक्क रडला. शाहीनताईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. “रडतोस काय, ओत आधी!”

घटकाभराने, दोघं काचेपलीकडे टेबलापाशी उभे असताना, इंदूताईंच्या पापण्या हलल्या. त्यांनी घसा खाकरला, एक बारीकशी तान घेऊन पाहिली. मग पुरुषोत्तमकडे वळून म्हणाल्या, “काय रे, इतका वेळ मी होते कुठं?”

“शाहीनताईंच्या जिभेवर, मावशी.”

“तरीच,” इंदूताई म्हणाल्या, “एवढी गोड झोप लागली.”