पुंजारामनं दिलेली पंचवीस मिनिटं

भुताला न भिणारा माणूस अख्ख्या जाफराबादेत एकच, आणि तो तुमच्यासमोर बसलाय. आता रात्री परसाकडं जायचं झालं की बायकोला बॅटरी घेऊन पुढं चालवावं लागतं, ते सोडा. करण, हसू नको. आणि मागं सरकू नको, मागं अंधारच आहे.

तर आपल्या आळीतला पुंजाराम जीपवाला. खोटं वाटलं तर उद्या स्टँडवर जाऊन विचारा. गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार, रात्रीचे नऊ चाळीस. केदारखेड्याहून सासूचा, गोजरबाईचा फोन आला.

"जावईबापू, शालूच्या कळा सुरू झाल्या. इथं एक गाडी मिळना. जल्दी या."

बायकोचं पहिलंच बाळंतपण, तिला दवाखान्यात न्यायचं. पुंजारामनं स्वेटर उलटा घातला अन् निघाला आडरस्त्यानं.

त्या रस्त्याला रेंज नाही. पण जीपवाल्यांच्या फोनात एक ॲप आहे. दोन गाड्या जवळ आल्या की त्यांचे फोन रेंजशिवाय आपसात बोलतात, पोचायला कुणाला अजून किती वेळ लागेल ते सांगतात, त्यावरून पुढच्या वाटेचा अंदाज निघतो. म्हणून ह्या लोकांत रिवाजच पडलाय: रात्री गाडी दिसली की शेजारी अर्धा मिनिट थांबायचं. वेळ द्यायचा, वेळ घ्यायचा. नाही म्हणायचं नाही.

बराबर दहाला फरशी पुलावर एक जीप उभी दिसली. तोंड केदारखेड्याकडंच. दिवे बंद. पुंजारामला घाई होती, पण रिवाज तो रिवाज. थांबला.

"कोण, कारभारी का? टायर बसलं का काय?"

काच वर. आत कुणीतरी बसलेलं... समोर बघत.

फोन वाजला. त्यानं पाहिलं. केदारखेड्यापर्यंत वेळ दिला: पंचवीस मिनिटं. वेळ घेतला: चार तास दहा मिनिटं.

"आरं, ढकलत नेतो का गाडी?" पुंजाराम हसला अन् गिअर टाकला.

मागून ती जीप आली. आवाज न करता पुढं गेली. तांबडा दिवा बारीक होत होत... गेला.

पुंजारामनं ऐंशीनं पळवली. कपाशी, बाभळी, कपाशी. अर्धा तास झाला. गावाचा दिवा दिसेना. फोनवर आकडा, तीन तास चाळीस.

गाडी वळवली, जाफराबादकडं. तीन तास एकोणचाळीस.

फोन बंद केला. आकडा तेवढा जळत राहिला.

उतरून पळाला. दम लागेपर्यंत पळाला. समोर जीप उभी. आपलीच.

"शालू..."

हाक तिथंच विरली.

मग तो स्टिअरिंग धरून बसला. चालवली तरी आकडा मिनिटामिनिटानंच उतरे. थांबवली तरी तेवढंच. तिकडं तिच्या कळा. इकडं एक मिनिट. मग एक मिनिट.

दोन वाजून दहाला काचेपुढं सासुरवाडीचं फाटक होतं.

तो तिथंच उतरला. सारवलेल्या अंगणात चाकांच्या ताज्या खुणा. फाटकातून ओट्यापर्यंत आलेल्या. परत गेलेली... एकही नाही.

आत शालू बाजेवर. कुशीत लेक. गोजरबाईनं घरातच सोडवली होती. पुंजाराम उंबऱ्यात बसला.

"शालू, रस्त्यानं सोडलंच न्हाई गं मला."

"रस्त्यानं? दहा पंचवीसला दारात गाडी लावली तुम्ही. म्या खिडकीतून हाका मारून राह्यले, अन् तुम्ही काच वर करून समोर बघत बसलात. लेक रडली तरी उतरला न्हाईत. मंग आता कशाला आलात?"