एकशे चौऱ्याऐंशी कुठली?

बावीस होड्या, बावीस वेगळे नंबर, आणि किनाऱ्याच्या टोकावरून बघितलं तर बावीसच्या बावीस सारख्या! असं का व्हावं?

ह्या कोड्याने जयूचं डोकं फिरलं होतं. तिचे बाबा त्यातल्या एकशे चौऱ्याऐंशी नंबरच्या होडीवर कामाला होते. खोल समुद्रात आता तरंगती शेतं झाली होती. तिथे शेवाळाचं पीक काढायचं आणि भरलेली होडी उत्तरेच्या मोठ्या बंदरात रिकामी करायची, असं ते काम. जयूच्या गावची खाडी गाळाने भरलेली, म्हणून होड्या इथे थांबतच नसत. लांबून ओळीने निघून जात. त्या दिवशी घरोघरची माणसं टोकावर उभी राहून हात करत. तेवढीच भेट.

मागच्या खेपेला आईने लाल ओढणी काढून जोरजोरात हलवली. होडीवरच्या माणसानेही दोन्ही हात वर केले. दोघी मायलेकी रडल्या, हसल्या, परत रडल्या. घरी पोचतात तर बाबांचा फोन. "मी मागच्या होडीवर होतो गं. तुम्ही दुसरीकडेच बघत होतात."

आईने ओढणीची घडी घालून ठेवली. जयूने मात्र पायातली चप्पल भिंतीवर भिरकावली.

चूक तरी कुणाची म्हणायची? होड्या एका साच्यातल्या. माणसांची जॅकेटं सगळी नारिंगी. फोनच्या नकाशावर बावीस टिंबं एकमेकांवर चढलेली. घरात दुर्बीण होती, पण ती कुठल्या होडीवर धरायची हे आधी कळायला नको?

आज दुपारी होड्या पुन्हा जाणार होत्या. सकाळीच जयू गावातल्या जुन्या बंदराच्या ऑफिसात घुसली. प्रत्येक होडीच्या कुशीला एक लांबट डिजिटल पडदा असायचा, आणि त्यावरचा मजकूर इथून जायचा. तो लावणाऱ्या रोबोचं नाव जुळारी. पूर्वी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करणाऱ्या माणसाला जुळारी म्हणत, त्यावरून ठेवलेलं.

"ए डब्या! होडीवर काय लिहितोस ते कुणाच्या बापाला वाचता येत नाही!"

"मला येतं," जुळारी म्हणाला. "दहा किलोमीटरवरून."

"तू काय तिथे बाबांना बघायला उभा असतोस?"

जुळारी म्हणाला, "नाही. मला बाबा नाहीत. कुठे अडतंय ते दाखव. आणि तुझी शाळा?"

"सोडली. तुला काय करायचंय? पडदा लाव."

त्याने समोर मजकूर आणला: विद्‌युल्‌लता १८४. विद्युल्लता हे सगळ्या ताफ्याचं नाव. बावीस होड्यांना तेच. वेगळा काय तो नंबर.

"हे काय? द पाय मोडून पडलाय. ल पण."

"तुझी नजर चांगली आहे," जुळारी म्हणाला. "बघ, कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही. त्याच्याकडे प्रत्येक अक्षराचा नुसता क्रमांक असतो. 'द्य' लिहिताना तीन क्रमांक येतात. द, मग पाय मोडायची खूण, मग य. त्यांचं चित्र कसं काढायचं ते फाँट (एका घडणीच्या अक्षरांचा आणि त्यांच्या नियमांचा संच) ठरवतो. फाँटमध्ये नियम लिहिलेला असतो, की हे तिघं ह्याच क्रमाने आले तर तीन चित्रं काढू नकोस, एकच काढ. त्या चित्राला लिगेचर (जोडलेला एकसंध आकार) म्हणतात."

"म्हणजे तिघं एका गोधडीत."

"तसंच. इथे तो नियम चालू नाही."

"कोणी बंद केला?"

"कोणी चालूच केला नव्हता. कोणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय ना! कर चालू."

पडद्यावर अक्षरं एकमेकांत शिरली: विद्युल्लता १८४. काय देखणं दिसत होतं! जयू खूश झाली. पण लगेच म्हणाली, "आता टोकावरून दिसेल एवढं बारीक कर."

जुळारीने मजकूर बारीक बारीक करत नेला. जोडाक्षरांच्या झाल्या काळ्या गाठी, आणि नंबराची झाली एक पट्टी. जयूने खुर्चीला लाथ मारली. खुर्ची गरागरा फिरली आणि तिच्याच नडगीला लागली.

"खुर्चीने काय केलं?" जुळारीने विचारलं.

जयू नडगी चोळत पडद्याकडे बघत होती. "थांब. नाव आखूड झालंय. मागे जागा उरलीय. नंबर मोठा कर."

त्याने केला. पट्टी जाड झाली, पण पट्टी ती पट्टीच. जयूने डोळे बारीक केले. "कळलं! सगळे एका उंचीचे आहेत. डोकी छाटून उभे केल्यासारखे. लांबून कोण एक, कोण आठ, कसं कळणार?"

"ते मुद्दाम केलेलं असतं. हिशेबात, तक्त्यात अंक एकाखाली एक नीट बसावेत म्हणून. पण छपाईत इंग्रजी अंकांची एक जुनी तऱ्हा आहे. तिला जुन्या वळणाचे अंक म्हणतात. त्यात शून्य, एक, दोन बुटके. सहा आणि आठ वर डोकं काढतात. तीन, चार, पाच, सात, नऊ ओळीच्या खाली लोंबतात. आपला फाँट ज्याने केला, त्याने मराठी अंकांचाही तसा एक संच काढून आत ठेवलाय. क्रमांक तेच, चित्रं वेगळी. नुसतं चालू करायचं."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"तू आत्ता विचारलंस."

एक बुटका झाला. आठाने डोकं वर काढलं. चाराची शेपटी खाली लोंबली. जुळारीने मजकूर परत बारीक केला. अंक वाचता येत नव्हते, पण बाहेरची रेघ ओळखू येत होती: ठेंगणा, उंच, लोंबता. ताफ्यात अशा रेघेचा दुसरा नंबर नव्हता. जयूने ती रेघ बोटाने हवेत गिरवली.

"पाठव," ती म्हणाली.

"ए ए, काय पाठव?" दारात बंदराचे अधिकारी शिवदासकाका उभे होते. "नंबर असे वर-खाली नाचवायचे? माझी यादी कशी दिसेल?"

"यादीत ठेवा ना तुमचे शिस्तीचे! होडी म्हणजे काय यादी आहे?" जयू कडाडली.

"दोन्ही जमेल," जुळारी म्हणाला. "यादीला एक संच, होड्यांना दुसरा."

काका पडद्याजवळ आले. चष्मा काढून त्यांनी त्या बारीक आकारांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "एकशे त्र्याहत्तर लाव बघू. आमचा धाकटा आहे तिच्यावर."

ठेंगणा, लोंबता, लोंबता.

"पाठव," काका म्हणाले.

दुपारी टोकावर सगळं गाव होतं. उन्हाने पाणी चमचमत होतं. पहिली होडी आली. नाही. दुसरी, तिसरी, नाही. आई ओढणीचा पदर तोंडाशी धरून उभी. एवढ्यात जयू किंचाळली, "ती! आई, ती! ठेंगणा, उंच, लोंबता!"

"नक्की ना गं? मागच्यासारखं नको."

जयूने दुर्बीण आईच्या डोळ्यांना लावली. आईचा हात आधी तिच्या खांद्यावर घट्ट झाला, मग सैल पडला. "वाळलेत गं किती," आई म्हणाली.

मग जयूने बघितलं. कठड्याला धरून बाबा उभे होते. ते हात करत नव्हते. कुठे बघू, कुठे बघू, असं करत सगळा किनारा शोधत होते. आईने ओढणी उंच धरली. बाबांची मान फिरता फिरता थांबली. त्यांनी टोपी काढली आणि छातीशी धरली. हात करायचं विसरूनच गेले.

होडी पुढे गेली. आधी नाव पुसट झालं. मग एक गेला. आठाचं डोकं थोडा वेळ राहिलं, आणि सगळ्यात शेवटी चाराची शेपटी गेली.

माणसं घरी वळली. जयू मात्र ऑफिसात पळत आली, धापा टाकत.

"जुळारी, फाँटमधला अंक आपण स्वतः काढू शकतो?"

"शिकलं तर येतं. वेळ लागतो. एका जागी बसावं लागतं."

"बसेन. मला आणखी लांब शेपटीचा चार पाहिजे. म्हणजे बाबा आणखी थोडा वेळ दिसतील."

"शेपटी फार लांब केली तर पडद्याबाहेर जाऊन पाण्याला टेकेल."

"टेकू दे," जयू म्हणाली, आणि फिरणारी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.